खाडे, उचल आणि फारखती

गुढीपाडव्याच्या सकाळी, गुढी उभी राहून कडुलिंबाचा प्रसाद वाटून झाला, की मराठवाड्यातल्या आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या वाड्यांवर ओसरीत जाजम पसरले जाई, आणि वर्षभर ज्याने भल्या पहाटे उठून बैलांपुढे वैरण टाकली, मोट हाकली, रात्री खळ्याची राखण केली, तो सालगडी त्या जाजमाच्या कडेला, परंतु जाजमावर नव्हे, येऊन बसे. मालकाच्या मांडीवर वही असे. गड्याचे साल पाडवा ते पाडवा असे मोजले जाई. खानदेशात याच माणसाला सालदार म्हणत आणि त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरत असे. रब्बीची रास घरात येऊन पडलेली, पेरणीला अद्याप अवकाश, आणि बैलांना व माणसांना थोडी उसंत, असा हा काळ. धनी बदलायचा तर याहून सोयीची वेळ कृषिवर्षात दुसरी नाही, हे ज्या कोणी प्रथम ओळखले त्याची व्यवहारबुद्धी मला मोठी वाटते.

कोणाच्या चाकरीत किती काळ राहावे आणि ती केव्हा सोडावी, हा प्रश्न हल्लीच्या शहरी उमेदवाराला केवळ आपल्याच पिढीचा वाटतो. परंतु या ओसरीवर तो दरसाल विचारला जात होता. ज्वारी किती, रोकड किती, वहाणांचा जोड आणि घोंगडी द्यायची की नाही, हे सारे तोंडी ठरे. मात्र त्याआधी गेल्या सालाचे खाडे मोजले जात. आजारपण, सोयरीक, जत्रा, मर्तिक अशा कारणांनी जितके दिवस गडी कामावर आला नाही, तितके खाडे. आणि ते भरून दिल्याशिवाय, अथवा त्यांचे पैसे कापून घेतल्याशिवाय, त्याचे साल पुरे झाले असे मालक मानीत नसे. त्यामुळे पंचांगातला पाडवा होऊन गेला, तरी गड्याचा पाडवा कधी कधी दहा-पंधरा दिवस मागाहून येई.

खाड्यांपेक्षा जड असे ती उचल. मुलीचे लग्न, बापाचे दिवस, घराचे गळके छप्पर, यांसाठी गड्याने सालाच्या आरंभी किंवा मध्येच घेतलेली रक्कम वर्षअखेर फिटली, तर तो मोकळा. न फिटली, तर ती पुढल्या सालाच्या माथ्यावर चढे, आणि करार वर्षाचा असूनही माणूस दहा-दहा वर्षे त्याच दावणीला राही. दुसऱ्या धन्याकडे जायचे, तर त्या धन्याने आधीच्याची बाकी चुकती करून गडी आपल्याकडे ओढून घ्यायचा, अशीही रीत होती. त्यात धनी बदले, ऋण बदलत नसे. वेठबिगारीचे उच्चाटन करणारा कायदा 1976 साली झाला, तो अशाच कर्जाला बांधलेल्या श्रमासाठी. पण कायद्याने कर्ज रद्द होते, पुढल्या लग्नाची गरज रद्द होत नाही, आणि म्हणून उचल हा शब्द ऊसतोडणीच्या टोळ्यांत आजही रोजच्या तोंडचा आहे.

याच प्रांतात सुलतानी काळात चाकरी सोडण्याची सर्वांत मोठी मुभा ज्याला होती, तो मनुष्य घोड्यावर बसलेला होता. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. बारगिराचा घोडा सरकारचा. वरकरणी हा लष्करी हुद्द्यांचा भेद, परंतु वस्तुतः तो जाण्याच्या स्वातंत्र्याचा भेद होता: तनखा थकला, मानपान बिघडला, की शिलेदार आपल्या घोड्यासह दुसऱ्या सरदाराच्या पागेकडे वळू शके, आणि बारगीर गेला तर पायी जाई. त्याच्या वर सरदारांची पंगत. दख्खनेत सुलतान्या अनेक असल्याने या मंडळींना गिऱ्हाइकांची वाण नव्हती, आणि पाटीलकी-देशमुखीची वतने कोणत्याही अमलाखाली पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत असल्याने, धनी बदलला म्हणून चूल विझण्याची भीती नव्हती.

शहाजीराजांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. 1624 च्या भातवडीच्या लढाईत ते निजामशाहीकडून लढले. लवकरच निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्याशी बेबनाव होऊन आदिलशाहीत गेले. अंबर आणि इब्राहिम आदिलशहा या दोघांच्या मृत्यूनंतर पुन्हा निजामशाहीत आले. 1629 साली सासरे लखुजी जाधवराव निजामशहाच्या दरबारात मारले गेल्यावर मोगलांकडे गेले आणि पंचहजारी झाले. मोगलांनी त्यांच्याकडचा मुलूख अंबराच्या मुलाला, फत्तेखानाला, देताच 1632 च्या सुमारास तेही सोडले. मग निजामशाही वंशातले एक मूल गादीवर बसवून स्वतःच राज्य चालवून पाहिले. आणि 1636 च्या तहानंतर पुन्हा आदिलशाहीत दाखल झाले. बारा वर्षांत इतकी स्थित्यंतरे! त्यांना चंचल म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की याच पुरुषाने पुढली अठ्ठावीस वर्षे, 1664 मध्ये होदिगेरेच्या रानात घोड्यावरून पडून मृत्यू येईपर्यंत, एकाच दरबाराची चाकरी केली, आणि तीही 1648 साली त्याच दरबाराने कैद करून पुढल्या वर्षी सोडले असताना. निजामशाही उरली नव्हती, मोगलांचा अनुभव येऊन चुकला होता, आणि बंगळूरची जहागीर हाती होती. जायला जागा उरली नाही की मनुष्य एकनिष्ठ होतो, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो मी आवरतो, कारण बंगळुरात त्यांनी जो दरबार थाटला, तो नाइलाजाने राहणाऱ्या माणसाचा वाटत नाही.

शिवछत्रपतींनी ही घडी बदलू पाहिली. सभासदाच्या बखरीवरून दिसते, की लष्कर पावसाळ्यात छावणीस, दसऱ्यानंतर मुलूखगिरीस. आणि परतल्यावर प्रत्येकाचा हिशेब होऊन वेतन रोख किंवा वरातेने, म्हणजे खजिन्यावरच्या हुकमाने, मिळे, गावे तोडून मिळत नसत. हीदेखील एक सालाचीच रीत, फक्त तिचा पाडवा पावसाच्या तोंडी येई.

पेशवाईच्या उत्तरकाळात हा हिशेब तुंबला. महादजी शिंद्यांनी द बॉइन या आपल्या युरोपीय सेनानीच्या कवायती पलटणींच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख लावून दिला, म्हणून त्यांचा पगार वेळेवर होई. इतर फौजेची मात्र महिनोन्‌महिने थकबाकी राही. थकबाकी म्हणजे धन्याला वाटे तशी केवळ टंचाई नव्हे. चाकराला अडकवून ठेवणारी ती एक बेडीच, कारण आज निघून गेले तर मागले सारे बुडाले. त्यावर शिपायांपाशी उपाय एकच, सरदाराच्या दाराशी धरणे. ज्याला धरणे बसे, तो आणि बसणारे, दोघेही उपाशी. ब्रॉटन नावाचा इंग्रज 1809 साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता, त्याने आपल्या पत्रांत ही धरणी वर्णिली आहेत. कंपनी सरकारने हे वर्म ओळखले होते. 1803 च्या युद्धात शिंद्यांच्या चाकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना, सोडून याल तर सोय लावू, असा जाहीरनामा निघाला आणि पुष्कळजण गेले.

मुंबईच्या गिरण्यांनी पुढे हीच युक्ती यंत्राच्या नियमितपणाने राबवली. पहिली गिरणी 1854 साली स्थापन झाली. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या माणसाला कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे, आणि महिना भरल्यावर पगार हाती पडायला पुन्हा दोन-दोन आठवडे जात. तोवर खाणावळ उधार, वाणी उधार. सूचना न देता काम सोडले, तर मागे राहिलेला पगार जप्त! शेतमालकाने पैसा आधी देऊन माणूस धरला, गिरणीमालकाने पैसा मागे ठेवून. 1936 च्या वेतन कायद्याने महिना उलटल्यावर सात किंवा दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक केले, तेव्हा कुठे ही गाठ सैल झाली. खाडा हा शब्द मात्र गावच्या ओसरीतून गिरणीच्या हजेरीत जसाच्या तसा आला. खाडा पडलेल्याच्या जागी दाराशी उभा असलेला बदली कामगार आत जाई, आणि 1935 मध्ये मालकसंघाने बदल्यांची नोंद सुरू करेपर्यंत तो आज या तर उद्या त्या दाराशी ताटकळे.

1972 च्या उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली, आणि दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. पाच वर्षे भरेतो थांबू, हे वाक्य ज्या कचेऱ्यांतून आज ऐकू येते, तिथल्या लोकांना खाड्यांची वही ठाऊक नाही.

त्या वहीचे शेवटचे पान मी लहानपणी एकदा पाहिले आहे. बाकी फिटली होती. मालकाने फारखती लिहून दिली, गड्याने ती न वाचता, कारण वाचता येत नव्हती, मुंडाशाच्या पदरात बांधली. खाडे नऊ निघाले. ते भरायला तो नऊ दिवस आणखी आला, आणि त्या दिवसांत नवा गडी त्याच्या मागोमाग गोठ्यात हिंडत होता. जुना त्याला सांगत होता, की पवळ्याला उजव्या अंगाने हात लावू नये, लाथ मारतो; आणि ढवळ्या पाणी पितो, पण कुणी पाहत असले तर पीत नाही.