वाळ्याची ताटी, कूलर आणि गच्चीवरचं ऊन



या मे महिन्यात आमच्या केळझरच्या घरी वाद झाला. मागची मातीची खोली पाडून तिथे एसी बसवू, असं मुलगा म्हणाला. त्या खोलीत सासूबाई राहतात. मी पडले बी.कॉम.; म्हटलं, आधी जमाखर्च मांडू.

वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला आले. ऐन उन्हाळा! आदि निवासाचा खर्च शंभर रुपयांच्या आत हवा, सामान नि मजूर जवळपासचेच हवेत, ही त्यांची अट. म्हणून माती, बांबू आणि कवेलू. जाड मातीची भिंत सावकाश तापते, म्हणून दुपारी आत गारवा राहतो.

त्याआधी इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत दारांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारत. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. वर छताला दोरीचा पंखा. तो ओढायला माणूस. साहेबाला गारवा, त्याला घाम. आपला कूलर म्हणजे तीच ताटी, फक्त माणसाच्या जागी विजेची मोटर.

आमच्याकडे कूलर आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "विहिरीची जिवाणी परत विहिरीत सोडणारी माणसं आपण. टाकीत पाणी साचवून जीव वाढवायचे का?" त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून पाणी गाळून भरते, कूलर दुपारीच लावते आणि संध्याकाळी टाकी पुसून कोरडी करते.

आता हिशेब. कूलरला साधारण २०० वॅट लागतात, दीड टनाच्या एसीला १५०० च्या आसपास. ही वीज बरीचशी कोळसा जाळून येते. तिथेही अग्निकाय, वायुकाय जीवांची हिंसा आहेच. पण पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर चालत नाही, आणि सासूबाईंचं वयही झालं, हेही खात्यात मांडलं.

शेवटी ठरलं: मातीची खोली राहील. पुढच्या गच्चीवर सौर पॅनेल बसतील; २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. दिवसा उन्हाची वीज, रात्री महावितरणची. एसीचं पुढच्या वर्षी पाहू.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "भिंत सारवायला शेण आण आधी."

जय जिनेंद्र.