शाहू महाराजांचा खंड्या

कुत्र्यासारखा इमानी प्राणी दुसरा नाही, हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेतल्या निबंधात लिहिलेले आहे. बाईंनी त्याला बरोबरची खूणही केली असेल. परंतु संकटाच्या वेळी पाळलेले कुत्रे खरोखरच धन्यासाठी धावून जाते काय? की भाकरी मिळते तोवर शेपूट हलविते आणि प्रसंग आला की पळून जाते? बिबट्या दिसल्याची बातमी सातपुरात आली की हा प्रश्न बायकांच्या बोलण्यात हटकून निघतो. एक म्हणते, दारात कुत्रे असावे, काळजी राहत नाही. दुसरी म्हणते, अहो, बिबट्या येतो तोच मुळी कुत्र्यासाठी! दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून या स्मरणिकेत जुन्या काळच्या आधाराने या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे मनात आले.

आपल्या धर्मात कुत्र्याला मोठी जागा आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असे आपण मानतो. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रे असतेच. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला ज्यांच्या घरी कुळाचार आहे त्या बायका वांग्याचे भरीत व भाकरी करतात, तळी भरतात आणि कुत्र्यालाही घास घालतात. खंडोबाचे भक्त तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात, त्यांनाच आपण वाघ्या म्हणतो. महाभारताच्या शेवटी धर्मराज हिमालयात गेले, तेव्हा भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडली. एक कुत्रे तेवढे बरोबर राहिले. इंद्र म्हणाला, कुत्र्याला सोडून रथात बसा. धर्मराज म्हणाले, आश्रयाला आलेल्याला मी टाकणार नाही, मग स्वर्ग नाही मिळाला तरी चालेल. या कथेत कुत्र्याने माणसाला वाचविलेले नाही, माणसाने कुत्र्याला टाकले नाही. पुढे जे सांगावयाचे आहे त्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता इतिहासाकडे येऊ. साताऱ्याच्या पूर्वेस पाचसहा किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. त्या गावाला संगम माहुली म्हणतात. तेथे जुनी सुंदर शिवालये आहेत, नदीकाठी घाट आहेत आणि साताऱ्याच्या राजघराण्यातील समाध्याही आहेत. त्या समाध्यांत एक समाधी कुत्र्याची आहे. चौथरा बांधून त्यावर कुत्र्याची दगडी मूर्ती बसविलेली आहे. हा कुत्रा थोरल्या शाहू महाराजांचा. लोक त्याला खंड्या या नावाने ओळखतात.

शाहू महाराज म्हणजे संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे चिरंजीव. त्यांचा जन्म १६८२ सालचा. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि सात वर्षांचा हा मुलगा आईबरोबर औरंगजेबाच्या कैदेत गेला. त्या छावणीतच तो लहानाचा मोठा झाला. १७०७ साली औरंगजेब मेला तेव्हा त्यांची सुटका झाली. पण येसूबाईंना मोगलांनी ओलीस ठेवून घेतले. त्या माउलीची सुटका १७१९ साली झाली. म्हणजे तीस वर्षे! आपण बायकांनी हा आकडा वाचून क्षणभर थांबावे.

सुटून आल्यावर तरी सुख होते काय? इकडे ताराबाईंनी गादीवर हक्क सांगितलेला होता. कोण सरदार आज या पक्षात, उद्या त्या पक्षात, असा तो काळ होता. हा शाहूच नव्हे, तोतया आहे, असेही बोलले गेले. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी राज्य केले. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव, नानासाहेब हे तीन पेशवे त्यांच्याच हाताखाली कारभारी झाले. स्वभावाने महाराज शांत व दयाळू होते. शिकारीचा मात्र त्यांना फार नाद होता आणि शिकार म्हटली की कुत्री आलीच.

अशाच एका वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचविला. ही नुसती गावगप्प नव्हे. ग्रँट डफ नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास होता. त्याने मराठ्यांचा मोठा इतिहास लिहिला, तो १८२६ साली छापला गेला. त्यात ही गोष्ट आहे. महाराज वारले १७४९ च्या डिसेंबरात. डफ साताऱ्यास आला तेव्हा त्याला सुमारे सत्तर वर्षे झाली होती. आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी सांगणारी माणसे तेव्हा साताऱ्यात असणारच.

डफ पुढे लिहितो की महाराजांनी या कुत्र्याला रीतसर सनद देऊन जहागीर लावून दिली. पालखीचा मानही दिला आणि त्या पालखीचा सरंजाम चालू ठेवला होता. एकदा तर भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे व जडजवाहीर घातले आणि स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर महाराजांनी स्वतः पगडी कधी घातली नाही, असेही तो सांगतो. डफ परका माणूस. त्याला हा सारा लहरीपणा वाटला, आणि त्या वेळी महाराजांचे चित्त ठिकाणावर नव्हते, अशा अर्थाने त्याने ते लिहिले आहे.

मला मात्र वेगळे वाटते. ज्याचे बालपण कैदेत गेले, ज्याच्या बापाला हालहाल करून मारले, ज्याने मोठमोठ्या माणसांना पक्ष बदलताना पाहिले, त्या राजाला एका मुक्या जनावराने जीव धोक्यात घालून वाचविले. त्याने काही मागितले नाही, सनद मागितली नाही, वतन मागितले नाही. सरदार एका लढाईत कामास आला तर त्याच्या मुलाबाळांना गाव इनाम मिळे. मग कुत्र्याने तेच काम केले तर त्याला का मिळू नये, असा सरळ हिशेब महाराजांनी केला असेल. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण हिशेबात चूक काढता येणार नाही.

खंड्याबरोबर आपल्याला लगेच दुसरे नाव आठवते ते रायगडावरच्या वाघ्याचे. शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी झाले, तेव्हा वाघ्याने चितेत उडी घेतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. राम गणेश गडकरी यांनी आपले 'राजसंन्यास' नाटक याच वाघ्याला अर्पण केले. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ त्याचा पुतळा १९३६ च्या सुमारास, होळकर संस्थानाच्या देणगीतून उभा राहिला. परंतु महाराजांच्या काळच्या कागदपत्रांत या प्रसंगाला आधार सापडत नाही, असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात. त्यावरून वादही झाले. २०११ साली काही लोकांनी तो पुतळा काढला, तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ साली पुन्हा तोच वाद निघाला. आपण त्या वादात पडू नये. मात्र मुलांना गोष्ट सांगताना आईने एवढे जरूर सांगावे की खंड्याची हकीकत इतिहासाच्या पुस्तकात नोंदलेली आहे आणि वाघ्याची लोकांच्या श्रद्धेतली आहे. दोन्ही गोष्टी सांगाव्यात, पण एकीत दुसरी मिसळू नये.

असा प्रकार आपल्याकडेच होतो असे नाही. इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतात गेलर्ट नावाच्या कुत्र्याचे थडगे आहे. राजा शिकारीहून आला, पाळण्यात मूल दिसेना आणि कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले. राजाने रागाने कुत्र्याला ठार केले. मग पाहतो तो मूल सुखरूप आणि शेजारी लांडगा मरून पडलेला! आपल्या पंचतंत्रातली बाई आणि मुंगसाची गोष्ट हीच नव्हे काय? पाणी घेऊन आलेल्या बाईने मुंगसाच्या तोंडाला रक्त पाहिले आणि डोक्यावरची घागर त्याच्यावर टाकली. बाळाजवळ साप मेलेला होता. बंजाऱ्याच्या कुत्र्याचीही अशीच गोष्ट देशात ठिकठिकाणी सांगतात. वेल्समधले थडगे तर प्रवासी यावेत म्हणून गावच्या खाणावळवाल्याने नंतर रचले, असे आता तेथलेच लोक सांगतात. थडगे खोटे असले तरी गोष्टीतले शहाणपण खोटे नाही. इतक्या देशांतल्या लोकांनी एकच गोष्ट जपून ठेवली, कारण राखण करणाऱ्यावर आपणच उतावीळपणे हात टाकतो ही भीती सगळ्यांनाच होती.

आता आजच्या काळातले पाहू. २०२० साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील विद्यापीठाने साठ घरगुती कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. धन्याला मोठ्या खोक्यात बसवून मदतीसाठी हाका मारावयास सांगितले. कुत्र्यांना काही शिकविलेले नव्हते. साठांपैकी वीस कुत्र्यांनी खोके उघडून धन्याला बाहेर काढले. म्हणजे तीनात एक. ऐकून वाईट वाटेल. पण त्याच खोक्यात खाऊ ठेवला तेव्हाही एकोणीस कुत्र्यांनाच तो काढता आला, आणि त्या एकोणिसांतल्या बहुतेकांनी धन्यालाही सोडविले होते. यावरून असे दिसते की बाकीच्यांना माया नव्हती असे नाही, खोके कसे उघडावे हे त्यांना कळले नाही. इच्छा असते, उपाय सुचत नाही. आपल्या माणसांचेही पुष्कळदा असेच होते.

उपाय शिकविला तर कुत्रे काय करू शकते, हे मुंबईने पाहिले आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. त्यानंतरच्या तपासात मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या लॅब्राडोर कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि शेकडो हातबॉम्ब हुंगून काढले. ते फुटले असते तर आणखी किती घरे उजाड झाली असती! २००० सालच्या नोव्हेंबरात जंजीर हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला पूर्ण सन्मानाने निरोप दिला. शाहू महाराजांची पालखी आणि पोलिसांची सलामी यांत मला तरी फरक दिसत नाही.

शेवटी आपल्या दारातल्या बिबट्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्याला लागून अकोले तालुका आहे. तेथील उसाच्या पट्ट्यात बिबटे काय खातात याचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शंभरात एकोणचाळीस. शेळ्यामेंढ्या, वासरे यांचा वाटा त्याहून कमी. याचा अर्थ उघड आहे. एकटे, साखळीला बांधलेले कुत्रे बिबट्याला अडवू शकत नाही. खंड्याबरोबर शिकारीची सगळी मंडळी होती, भाले होते, बंदुका होत्या. धनगरांच्या वाड्यावर तीनचार कुत्री असतात, माणसे जागी असतात, शेकोटी असते. तेथे कुत्र्याचे भुंकणे ऐकून कोणी तरी उठते. कुत्र्याची खरी राखण ती हीच, आपल्याआधी त्याला कळते आणि ते ओरडून सांगते. पुढचे काम माणसाने करावयाचे असते.

म्हणून ज्या भगिनींच्या घरी कुत्रे आहे त्यांनी दिवेलागणीनंतर त्याला बाहेर खुंट्याला बांधून ठेवू नये, घरात किंवा दार लावता येईल अशा जागी घ्यावे. उष्टेखरकटे दारात टाकू नये, त्याने मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. रात्री ते सारखे भुंकू लागले तर 'गप रे' म्हणून दटावू नये, आधी दिवा लावून खिडकीतून पाहावे, एकदम दार उघडू नये. वर्षाची रेबीजची लस चुकवू नये, कारण राखणदारच रोगी झाला तर धोका घरच्या लेकरांनाच.

पाळलेले कुत्रे धन्याला वाचविते काय, या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर मला असे दिसते. वाचविते, पण प्रत्येक कुत्रे नाही आणि प्रत्येक वेळी नाही. ज्याला आपण घरचे मानले, ज्याचे भुंकणे ऐकले, ज्याला संकटात एकटे सोडले नाही, ते आपल्यासाठी जीव टाकते. धर्मराजांनी आपली बाजू राखली, शाहू महाराजांनीही राखली.

मंडळाची सहल कधी साताऱ्याकडे गेली तर अजिंक्यतारा पाहून परत फिरू नये. माहुलीला जावे. येसूबाईंची समाधीही तेथेच दाखवितात. तीस वर्षे कैद सोसलेल्या त्या राजमातेपुढे आधी डोके टेकावे, मग मुलांना खंड्याच्या चौथऱ्यापाशी न्यावे आणि हा कोण होता ते सांगावे.