द्राक्षांचे दप्तर

मोरणेच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शिराळे हे पावसाचे आणि भाताचे गाव आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आणि नागपंचमीचा उत्सव यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले असले, तरी इंग्रजी अमदानीत ते सातारा जिल्ह्यातील वाळवे तालुक्याचा एक पेटा होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले, तेव्हा हा पेटाही त्याच जिल्ह्यात राहिला. येथून पूर्वेची वाट धरली की पाऊस गावोगाव कमी होत जातो, भाताची जागा ऊस घेतो, कृष्णा ओलांडून पलूस मागे टाकले की माळ उघडे पडू लागतात. आणि जेथे पाण्याची ददात पिढ्यान्पिढ्यांची, त्या तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूर या भागांतच द्राक्षाचे मांडव दिसू लागतात. ज्या पेट्यास निसर्गाने पाणी भरभरून दिले त्यास द्राक्ष लाभले नाही, आणि जो मुलूख दुष्काळाच्या यादीत सदैव अग्रभागी राहिला त्याच्या वाट्यास ही राजस वेल आली, ही घटना मला या जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत विचारार्ह घटना वाटते.

जर्मनीतील ऱ्हाईन आणि मोझेल या नद्यांच्या काठचा द्राक्षमुलूख जगप्रसिद्ध आहे, आणि त्याचा पूर्ववृत्तांत पाहिला तर तेथेही हाच न्याय आढळतो. मोझेलच्या दोन्ही तीरांवर पाटीच्या दगडाचे जे उभे कडे आहेत, त्यांवर नांगर चालत नाही, गहू पिकत नाही, गुरे चरत नाहीत. परंतु दिवसभर तापलेला तो काळा दगड रात्री ऊब परत देतो आणि नदीच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश उतारावर पडतो, म्हणून पन्नासाव्या अक्षांशाइतक्या थंड प्रदेशात द्राक्ष पिकू शकते. रोमन लोकांनी ट्रिअर नगराच्या आसपास ही विद्या रुजविली. नॉयमागेन या नदीकाठच्या गावी सापडलेले, पिंपांनी लादलेल्या नौकेचे तिसऱ्या शतकातील शिल्प त्याची साक्ष देते. पुढे मठांनी ती वाढविली. ११३६ साली स्थापन झालेल्या एबरबाख येथील सिस्टर्शियन मठाची कोलोन शहरात स्वतःची वखार होती आणि मठाचा माल ऱ्हाईनमधून तेथवर जात असे. बाखाराख हे गाव तर या व्यापारावरच पोसले गेले, कारण बिंगेनजवळच्या खडकाळ खिंडीतून लहान नावांनी आणलेली पिंपे तेथे मोठ्या नावांवर चढत. आणि काउब गावासमोर नदीच्या मध्यभागी एका खडकावर १३२६ च्या सुमारास जो कोट बांधण्यात आला, त्याचे प्रयोजन संरक्षणापेक्षा जकात हेच अधिक होते.

त्या मुलखाची माझ्या दृष्टीने खरी संपत्ती मात्र त्याचे दप्तर ही आहे. रीस्लिंग या त्यांच्या श्रेष्ठ द्राक्षजातीचा सर्वांत जुना उल्लेख मिळतो तो काव्यात नव्हे, राजाज्ञेत नव्हे, तर १४३५ सालच्या एका हिशेबात: माइन नदीकाठच्या रुसेल्सहाइम येथे काट्सनएल्नबोगेनच्या सरदाराच्या कारभाऱ्याने या जातीची रोपे घेतली आणि त्यांपायी झालेला खर्च वहीत मांडून ठेवला. एका कारकुनाच्या कर्तव्यदक्षतेने एका फळास जन्मतिथी मिळाली. १७८७ साली ट्रिअरच्या धर्माधिकारी राजाने हलक्या जातीच्या वेली उपटून सात वर्षांत उत्तम जातीच्या लावाव्यात, असा हुकूम काढला, तोही कागदावर शिल्लक आहे.

आपल्याकडे द्राक्षाची ओळख नवी नाही. चरक-सुश्रुतांस ते औषधी म्हणून ज्ञात होते. कापिशी नगरीच्या द्राक्षमद्याचा निर्देश कौटिल्याने केला आहे. आणि चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोन वेळा फळतात, असे नमूद केले आहे. या नोंदीत दख्खनच्या द्राक्षशेतीचे सारे मर्म आहे. जर्मनीत हिमाने वेल झोपी जाते आणि वसंतात आपोआप जागी होते. सतराव्या अक्षांशावरील आपल्या उन्हात तिला झोप माहीतच नाही, म्हणून ऋतू घडविण्याचे काम बागाइतदाराच्या कात्रीकडे येते. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार करावयाची आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीने त्या काडीतून घड काढावयाचे, हा क्रम चुकला तर वेल पानांनी डवरते आणि मांडव रिकामा राहतो.

तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांचे ठाणे. त्यांनी बांधविलेल्या गणपती मंदिराचे सात मजली, दाक्षिणात्य घडणीचे गोपुर आजही गावाची खूण आहे. १८४८ मध्ये ही जहागीर वारसाअभावी खालसा झाली. पुढे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलनजीकच्या माळावर आपली वाडी वसविली आणि नांगर, पंप ही अवजारे या परिसराच्या दाराशी तयार होऊ लागली. विहिरीवरील मोटेची जागा पंपाने घेतली नसती तर येथे मांडव उभे राहिले नसते, असे मी निःशंकपणे म्हणतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ स्थापन झाला आणि त्याच दशकात थॉम्सन सीडलेस ही बिनबियांची जात महाराष्ट्रात आली. तिच्यातूनच तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवड करून ‘तास-ए-गणेश’ ही जात सिद्ध केली. प्रयोगशाळेत नव्हे, तर बागेत रोज फिरणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीस एका वेलीचे वेगळेपण जाणवले, आणि तिच्या काड्या राज्यभर गेल्या. पुढे क्षारयुक्त जमीन आणि पाण्याचा तुटवडा यांवर उपाय म्हणून डॉगरिज या अमेरिकन खुंटावर कलमे बांधण्याची रीत पडली. १८७४ मध्ये जर्मनीत फिलोक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीचा शिरकाव झाला, तेव्हा तेथील बागांनाही शेवटी अमेरिकन मुळांचाच आधार घ्यावा लागला होता.

ताज्या द्राक्षाची विक्री हा नेहमीच जुगार. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक अवकाळी सर आली की मणी तडकतात आणि व्यापारी फिरकत नाही. या संकटावर तासगावकरांनी शोधलेला मार्ग म्हणजे बेदाणा. पक्व घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवितात, त्यामुळे सालीवरील मेणाचा थर विरळ होतो. मग शेडमधील एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर ते पसरतात आणि सावलीतल्या कोरड्या वाऱ्यावर सुमारे पंधरा दिवसांत माल वाळतो. चार किलो द्राक्षातून एक किलो बेदाणा मिळतो. ज्या शुष्क हवेने पिढ्यान्पिढ्या येथील ज्वारी करपविली, तीच हवा या धंद्याचे भांडवल झाली आहे. माल शीतगृहात ठेवून भाव पाहून सौद्यास काढता येतो, हे स्वातंत्र्य ताज्या फळाच्या मालकास कधीच नव्हते. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मद्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेल्या या राज्याने २००१ मध्ये द्राक्षमद्याचे धोरण जाहीर करून विंचूर व पलूस येथे दोन उद्याने योजिली. नाशिककडे या धंद्याने मूळ धरले, कृष्णाकाठी मात्र धरले नाही. खाण्याचे द्राक्ष आणि मद्याचे द्राक्ष या निराळ्या जाती, निराळे बाजार. शेतकऱ्याने बेदाण्याची निवड केली ती योग्यच केली, असे माझे मत आहे.

नदीशी असलेले नाते मात्र दोन्ही मुलखांत अगदी भिन्न आहे. ऱ्हाईनकाठची गावे पिंपांच्या व्यापाराने वाढली. कऱ्हाडचा संगम, बहे, औदुंबर, हरिपूर, नरसोबाची वाडी ही आपली नदीकाठची स्थाने तीर्थे म्हणून वाढली, आणि द्राक्ष नदीपासून दूर, चढावर राहिले. म्हणून येथे वेल नदीकडे गेली नाही, नदीलाच वेलीकडे चढवावे लागले. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून माळांवर नेले.

या साऱ्या स्थित्यंतराचे कागद अजून घराघरांत आहेत: छाटणीच्या तारखा लिहिलेल्या वह्या, काड्या कोठून आणल्या याच्या नोंदी, पहिल्या शेडचे हिशेब, अडत्यांच्या सौदापट्ट्या, सोसायटीच्या कर्जाचे खतावणीचे उतारे. ज्यांनी पहिले मांडव घातले त्यांची पिढी आता वृद्ध झाली आहे. बाजार समित्यांनी आणि तालुक्यांतील महाविद्यालयांनी हे दप्तर एकत्र करून त्याच्या प्रती कराव्यात, आणि तासगाव-पलूसकडच्या प्रत्येक बागाइतदाराने घरातील जुनी वही रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.