विचारमंथन (प्रवेश परीक्षांतील निबंध)

प्रवेश परीक्षेतील कालबद्ध निबंध लिहिण्यापूर्वी मुद्दे, उदाहरणे व संभाव्य आक्षेप आठवून त्यांतून निवड करण्याच्या प्रक्रियेस विचारमंथन म्हणतात. प्रामुख्याने अमेरिकेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी दिल्या जाणाऱ्या जीआरई या परीक्षेत विचार, लेखन आणि फेरतपासणी या तिन्हींसाठी मिळून ३० मिनिटे मिळतात. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत केलेल्या निवडीवर पुढील निबंध बराचसा अवलंबून असतो.

संकल्पना

ही पद्धत अमेरिकन जाहिराततज्ज्ञ अ‍ॅलेक्स ऑस्बोर्न यांनी रूढ केली. 'अप्लाइड इमॅजिनेशन' (१९५३) या ग्रंथात त्यांनी तिचे विवेचन केले आहे. मूळ पद्धत गटासाठी होती. कल्पना सुचत असताना टीका करू नये व शक्य तितक्या कल्पना गोळा कराव्यात, हे तिचे मुख्य नियम होत. परीक्षार्थी मात्र एकटा असतो आणि त्याला पाच-सहा मुद्द्यांहून अधिक मुद्दे वापरता येत नाहीत. त्यामुळे येथे संख्येपेक्षा निवडीला महत्त्व येते.

परीक्षांतील स्थान

सॅट परीक्षेत २००५ ते २०१६ या काळात २५ मिनिटांचा मतप्रदर्शनपर निबंध होता. दीर्घ निबंधांना अधिक गुण मिळतात, अशी टीका एमआयटीतील लेस पेरेलमन यांनी त्यावर केली. तसे असल्यास विचारात घालवलेला वेळ तोट्याचाच ठरतो. २०१६ मध्ये या निबंधाचे स्वरूप बदलले आणि २०२१ मध्ये तो सर्वसाधारणपणे बंद झाला. जीआरईमध्ये सप्टेंबर २०२३ पासून युक्तिवादाच्या परीक्षणाचा प्रश्न वगळण्यात आला असून दिलेल्या विधानावर मत मांडण्याचा एकच निबंध उरला आहे. त्याला ० ते ६ या श्रेणीत अर्ध्या गुणाच्या टप्प्याने गुण दिले जातात.

जीआरईतील पद्धती

विधानासोबत दिलेली सूचना विधानाइतकीच महत्त्वाची असते. एका सूचनेत विधान कोणत्या परिस्थितीत खरे वा खोटे ठरेल हे विचारलेले असते, तर दुसरीत धोरणाच्या परिणामांचा विचार अपेक्षित असतो. सूचना न वाचता गोळा केलेले चांगले मुद्देही त्यामुळे वाया जाऊ शकतात. परीक्षकांना कोणतीही विशिष्ट बाजू अपेक्षित नसते. म्हणून आधी मत ठरवून त्याला पुरावे शोधण्यापेक्षा आधी उदाहरणे आठवून मग मत ठरवणे सोयीचे पडते.

समजा, 'कोणतीही योजना आधी लहान प्रदेशात राबवून मगच देशभर लागू करावी' असे विधान आहे. महाराष्ट्रातील परीक्षार्थ्याला येथे रोजगार हमी योजना आठवू शकते. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात आकारास आलेल्या या योजनेला राज्यात १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, तर देशपातळीवरील ग्रामीण रोजगार हमीचा कायदा २००५ मध्ये झाला. राज्याच्या अनुभवाचा देशाला उपयोग झाला, हा विधानाच्या बाजूचा पुरावा होय. परंतु दोन कायद्यांमध्ये २८ वर्षांचे अंतर आहे आणि तेवढा काळ इतर राज्यांतील मजुरांना अशा कायदेशीर हमीविना राहावे लागले. एकाच उदाहरणातून समर्थन व आक्षेप दोन्ही मिळाल्यावर 'प्रयोग आवश्यक, पण त्याला मुदत असावी' अशी मर्यादित भूमिका तयार होते. तीन उदाहरणांची नुसती नावे घेण्यापेक्षा असे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणे बहुधा अधिक परिणामकारक ठरते. ते परदेशी वाचकाला अपरिचित असल्यास एका वाक्यात त्याची ओळख करून द्यावी लागते.

सराव

जीआरईची आयोजक संस्था एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस निबंधाच्या विषयांची संपूर्ण यादी आधीच प्रसिद्ध करते. ती मोठी असल्याने प्रत्येक विषयावर निबंध लिहिणे अव्यवहार्य आहे. शिक्षण, शासन, तंत्रज्ञान, कला अशा गटांत विषय वाटून प्रत्येक गटासाठी परिचयाची दोन-तीन उदाहरणे तयार ठेवणे आणि रोज काही विषयांवर घड्याळ लावून केवळ मुद्दे काढणे, हा त्यावरचा मार्ग आहे. पाठ केलेले निबंध मात्र धोक्याचे असतात. उत्तरांतील साम्य संगणकप्रणालीद्वारे तपासले जाते आणि लेखन परीक्षार्थ्याचे स्वतःचे नसल्याचे आढळल्यास गुण रद्द होऊ शकतात.