जनुक : आधी बारसं, मग दर्शन

बारसं सहसा बाळ पाहिल्यावर होतं. ‘जीन’चं तसं झालं नाही. 1909 साली डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी आपल्या जर्मन ग्रंथात हे नाव छापलं, तेव्हा ती वस्तू कशाची बनलेली आहे, केवढी आहे, पेशीत नेमकी कुठे बसते, यातलं काहीच कोणाला खात्रीने सांगता येत नव्हतं. आज आपण जिला जनुक म्हणतो तिची ही कुळकथा.

कुळाचे मूळपुरुष ब्रनोच्या मठातले ग्रेगोर मेंडेल. 1856 ते 1863 या काळात त्यांनी वाटाण्याची सुमारे 28,000 झाडं वाढवली. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. पुढच्या पिढीत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले निघाले, जवळजवळ तिनास एक. म्हणजे सुरकुती मधल्या पिढीत नुसती दडली होती, पुसली गेली नव्हती. प्रत्येक गुणामागे आईबापांकडून आलेली घटकांची जोडी असते आणि पुढच्या पिढीकडे जाताना ती सुटी होते, हा त्यावरून निघणारा अर्थ. मेंडेल यांनी या घटकांसाठी खास नाव घडवलं नाही. त्यांचा निबंध 1866 साली छापला गेला आणि 1900 पर्यंत जवळजवळ दुर्लक्षित राहिला.

नाव आलं दुसऱ्याच शाखेतून. 1868 साली चार्ल्स डार्विन यांनी ‘पॅनजेनेसिस’ ही कल्पना मांडली : शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण सुटतात आणि जननपेशींत गोळा होतात. डच शास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस यांनी 1889 साली कणांचा हा शरीरभरचा प्रवास नाकारला, पण डार्विन यांचा मान राखून पेशीतल्या कणांना ‘पॅनजेन’ म्हटलं. 1900 साली मेंडेल यांचं काम ज्या तिघांमुळे पुन्हा उजेडात आलं, त्यांत द व्रीसही होते. 1905 साली विल्यम बेटसन यांनी एका पत्रात वारशाच्या या विद्येसाठी ‘जेनेटिक्स’ हा शब्द सुचवला. विद्येचं नाव असं तिच्या विषयाच्या नावाआधी चार वर्षं जन्मलं.

योहान्सन औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करून घडले होते. त्यांनी घेवड्याच्या 19 शुद्ध ओळी वाढवल्या. शुद्ध ओळ म्हणजे एकाच दाण्यापासून स्वपरागणाने झालेली संतती. सर्वांत जड ओळीच्या दाण्याचं सरासरी वजन 640 मिलिग्रॅमच्या आसपास होतं, सर्वांत हलक्या ओळीचं 350च्या आसपास. मग एकाच ओळीतले सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान दाणे निवडून पेरले, तर दोघांच्या संततीची सरासरी सारखीच आली. ओळीतला लहानमोठेपणा जमीन, पाणी आणि शेंगेतली जागा यांनी घडवलेला होता. तो वारशात उतरत नव्हता.

यातून त्यांनी दोन गोष्टी कायमच्या वेगळ्या केल्या. वारशाने मिळतो तो जीनोटाइप आणि डोळ्यांना दिसतो तो फिनोटाइप. वारशाच्या घटकासाठी त्यांनी ‘पॅनजेन’मधलं ‘पॅन’ छाटलं आणि ‘जेन’ तेवढं ठेवलं. त्या छाटणीबरोबर जुन्या कल्पनांचं ओझंही गेलं. या शब्दात कोणतंही गृहीतक असू नये, असा त्यांचा आग्रह होता.

उरलेला तुकडा मराठी माणसाला परका नाही. ग्रीक ‘जेन’ आणि संस्कृत ‘जन्’ हे धातू भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच मुळातले. जन्म, जनक, प्रजा, जात हे सगळे त्याच मुळाचे कोंब. त्यामुळे ‘जनुक’ हा शब्द ‘जीन’ला केवळ पर्याय नाही, त्याचा भाऊबंद आहे.

नाव रिकामं होतं म्हणूनच टिकलं. थॉमस हंट मॉर्गन यांच्या फळमाश्यांनी जनुकांना गुणसूत्रांवर जागा दिली. 1913 साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी त्यांचा पहिला नकाशा काढला. तरीही 1934 साली आपल्या नोबेल व्याख्यानात मॉर्गन यांनी सांगितलं की, जनुकं खरी की काल्पनिक, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 1944 साली ॲव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी वारशाचं द्रव्य डीएनए असल्याचा पुरावा दिला आणि 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची रचना मांडली. तोवरच्या सगळ्या उलथापालथीत शब्द बदलावा लागला नाही.

1990 साली इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत मेंडेल यांच्या सुरकुतीमागचं जनुक हाती लागलं. बेटसन याच संस्थेचे पहिले संचालक होते. हे जनुक स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, निघालं. सुरकुतलेल्या वाणात त्यात डीएनएच्या सुमारे 800 अक्षरांचा आगंतुक तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे तो विकर नीट बनत नाही. स्टार्च कमी होतो, साखर साठते, साखरेमागे पाणी शिरतं, दाणा फुगतो आणि वाळताना आक्रसतो. निबंधात छापलेल्या सुरकुतीपासून तिच्या कारणापर्यंत पोचायला 124 वर्षं लागली.

म्हणजे सुरकुतीचं असं जनुक नाहीच. जनुक आहे ते एका विकराचं. योहान्सन यांनी घेवड्यावरून शिकवलेला भेद वाटाण्यानेही पाळला. म्हणून ‘अमक्या गुणाचं जनुक सापडलं’ असं वाचनात आलं, की ते जनुक बनवतं काय आणि तिथपासून त्या गुणापर्यंत किती पायऱ्या आहेत, एवढं जरूर विचारा.