गिदा म्हणते, घरी चल

बर्गन म्हणजे नॉर्वेतलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. भोवती सात डोंगर, पुढ्यात समुद्र आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. कोकणातल्या माणसाला या आकड्याचं काही वाटायचं नाही म्हणा, पण तिथे तो बाराही महिने पडत असतो!

बर्गनच्या फोटोत हमखास दिसते ती ब्रिग्गेनची रांग, म्हणजे धक्क्यावरची लाल-पिवळी लाकडी घरं. सुमारे १३६० पासून इथे हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती. उत्तरेतून सुकवलेला कॉड मासा यायचा, जर्मनांकडून धान्य यायचं. आजची घरं मात्र १७०२ च्या मोठ्या आगीनंतर पुन्हा बांधलेली.

४ जुलै १९५५ ला पुन्हा आग लागली आणि रांगेतला मोठा भाग जळाला. उरलेली जुनाट घरंही पाडून टाका, असं म्हणणारे तेव्हा होतेच. (असे लोक सगळ्या गावांत असतात.) पण जळक्या जागेवर आस्बियर्न हेर्टाइग यांनी उत्खनन सुरू केलं आणि ते १९६८ पर्यंत चाललं. जुन्या आगींच्या तारखा कागदोपत्री ठाऊक होत्या, त्यामुळे राखेच्या थरांवरून वस्तूंचा काळ ठरवता आला. म्हणजे आगीच कॅलेंडरच्या कामी आल्या!

ओल्या मातीत लाकूड टिकलं होतं. त्यात निघाले साडेसहाशेच्या वर रूनिक लेख. रून ही चाकूने कोरायची सरळ रेघांची लिपी. ती मुख्यतः स्मारकशिलांवरची, गंभीर कामाची, आणि मध्ययुगात मागे पडलेली, असा तोवर समज होता. इथे तर काय काय निघावं! पोत्याला बांधायची मालकाच्या नावाची चिठ्ठी, प्रार्थना, प्रेमाच्या ओळी, चावट मजकूरसुद्धा. थोरिर नावाचा एक व्यापारी आपल्या भागीदाराला कळवतो, की परिस्थिती वाईट आहे, बिअर मिळाली नाही, मासेही मिळाले नाहीत, तेव्हा माझ्याकडे काही मागू नकोस. उधारी बुडवणाऱ्याची भाषा तेव्हाही अशीच होती बरं का.

पण माझा जीव जडला तो एका इवल्याशा तुकड्यावर. त्यावर एवढंच आहे, 'गिदा म्हणते, तू घरी चल.' बास. निरोप ज्याला गेला तो गुत्त्यात बसला असणार, असा सगळ्यांचाच तर्क. मलाही तसंच वाटतं, पुरावा मात्र काही नाही. हे गिदाने स्वतः कोरलं की कोणाकडून कोरून घेतलं, तेही कळायला मार्ग नाही. राजेरजवाड्यांच्या इतिहासात ही बाई कुठेच नाही. आग लागली नसती तर ती घरांच्या पायाखालीच राहिली असती.

तुकड्याच्या दुसऱ्या बाजूलाही काहीतरी खरडलेलं आहे. उत्तर असावं. पण अक्षरं इतकी वेडीवाकडी, की धड वाचता येत नाहीत.