ऑक्टेन क्रमांक : इंधननिवडीच्या एका निकषाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक जितका अधिक, तितके इंधन अधिक शक्तिशाली व शुद्ध, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः हा क्रमांक दाबाखाली अकाली पेट न घेण्याचा एकच गुण मोजतो. हा निकष कसा घडला व त्याने काय झाकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निकषाची जडणघडण :
सिलिंडरमध्ये हवा व इंधनाचे मिश्रण जितके अधिक दाबले जाते, तितकी इंजिनाची कार्यक्षमता वाढते. मात्र मर्यादेपलीकडे मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच पेटतो व ठोके ऐकू येतात. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सचे संशोधक थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड हा त्यावरील उपाय सापडला. अल्कोहोलनेही ठोके टळतात, हे त्यांना ज्ञात होते. तरीही १९२३ पासून शिसेयुक्त पेट्रोल ‘एथिल’ या नावाने विकले जाऊ लागले. या नावात शिशाचा उल्लेख नव्हता. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात पाच कामगार विषबाधेने दगावले. १९२५ मध्ये विक्री थांबली, परंतु पुढील वर्षी ती पुन्हा सुरू झाली.

याच सुमारास एथिल कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी आयसो-ऑक्टेनला १०० व हेप्टेनला शून्य मानणारी मोजपट्टी सुचविली. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे या दोन द्रवांच्या ९१:९ मिश्रणाइतकाच नॉकिंगला प्रतिकार करणारे पेट्रोल होय. क्रमांक कोणत्या द्रव्याने वाढविला, हे ही मोजपट्टी सांगत नाही.

परिणाम :
१९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी पर्यावरणातील शिशाचे वाढते प्रमाण निदर्शनास आणले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी १९९६ मध्ये, तर भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबविल्यावर मोटारींसाठीची त्याची जागतिक विक्री संपली.

आजची निवड :
निवडीचा आधार इंजिनाचे संपीडन गुणोत्तर व निर्मात्याची पुस्तिका हाच असावा. ९१ ऑक्टेनसाठी रचलेल्या इंजिनास ९७ चे पेट्रोल दिल्याने सहसा लाभ होत नाही. अधिक संपीडनाच्या इंजिनास कमी क्रमांकाचे इंधन दिल्यास मात्र नॉकिंग होते वा शक्ती घटते. बोटींबाबत आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. इथेनॉल ऑक्टेन वाढविते, परंतु पाणीही शोषते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या बोटीच्या टाकीत पाणी वाढल्यास ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते व वरील पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक घटतो.

निष्कर्ष :
ऑक्टेन क्रमांक उपयुक्त आहे, परंतु तो गुणवत्तेचा पर्याय नाही. एकाच गुणाच्या मापनास संपूर्ण गुणवत्ता मानल्यास मोजपट्टीबाहेरील हानी दीर्घकाळ अलक्षित राहते, हे शिसेयुक्त पेट्रोलच्या इतिहासावरून स्पष्ट होते.